आतला हात

जून महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेआठला फोन वाजला, नंबर अनोळखी. "तुम्हीच का हो त्या मातीची भांडी करणाऱ्या? तुमचं भांडं गळतंय." आवाज वयस्कर, पण खणखणीत.

"कुठलं भांडं?" मी विचारलं.

"काळं. पोट मोठं, मान बारीक. मुलीने वाढदिवसाला आणून दिलंय. काल संध्याकाळी त्यात निशिगंधाच्या चार काड्या लावल्या. आज सकाळी बघते तर टेबलावर तळं. शिसवी टेबल आहे हो, माझ्या सासऱ्यांच्या वेळचं. तेवढं पॉलिश पांढरं पडलं." आणि मग, मी काही म्हणायच्या आत, "ज्यात पाणी राहत नाही ते भांडं कसलं?"

दुपारी येऊन बघते, एवढंच मी म्हणाले. पत्ता सदाशिव पेठेतला. फोन ठेवला आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. प्रश्न अगदी रास्त होता, आणि गेली अकरा वर्षं कुणी ना कुणी मला तो विचारतंच आहे. त्याचं उत्तर मला हातांनी देता येतं, तोंडाने देता येत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहून बघते.

आधी ते भांडं कसं झालं ते सांगते. धायरीला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मी काम करते. माती मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारवाड्यातून आणते. आपल्याकडची काळी माती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, उन्हाळ्यात शेतात दिसतंच ते. म्हणून कुंभार तिच्यात गाळाची माती, राख, लीद असं काय काय मिसळतात. मी भाजलेल्या मातीचा चुराही घालते, त्याला आम्ही ग्रॉग म्हणतो. हा चुरा एकदा भट्टीतून जाऊन आलेला असतो, तो आता आकसत नाही, त्यामुळे बाकीच्या मातीलाही तो धरून ठेवतो.

मग करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या करायच्या आणि एकावर एक चढवत न्यायच्या. चाक मी वापरत नाही. दिवसाला चार-पाच वळ्या, बस. खालची भिंत थोडी आवळली पाहिजे, नाहीतर वरच्या वजनाने बसते. अडतीस सेंटीमीटर उंचीच्या भांड्याला मला सहा-सात दिवस लागतात. माती लेदर हार्ड झाली, म्हणजे बोटाचा ठसा उमटत नाही पण नखाचा उमटतो अशी, की घोटायला घ्यायची. माझ्याकडे दोन गोटे आहेत. एक अकीकाचा, विकत घेतलेला. दुसरा आईने नर्मदेवरून आणलेला, कबुतराच्या अंड्याएवढा, त्याची एक बाजू घोटून घोटून सपाट होत आलीये. एका हाताएवढ्या जागेवर तासभर गोटा फिरला की मातीचे बारीक कण आडवे बसतात आणि पृष्ठभागाला एक खोल, मंद झळाळी येते. ही झळाळी काचेच्या लेपाची नाही, मातीचीच आहे. पण ती नाजूक असते. भट्टी हजार अंशांच्या पुढे गेली की मरते. म्हणून मी साधारण ९२० अंशांवर थांबते, आणि मग पत्र्याच्या पिंपात लाकडाच्या भुशात पुरून धूर देते. धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत शिरतो आणि भांडं काळं होतं.

छिद्रं, हाच सगळा मुद्दा आहे. बाराशे अंशांच्या वर स्टोनवेअरची माती अर्धवट वितळून आतून घट्ट होते, पाणी धरते. ९२० अंशांवरची माती तशी होत नाही. तिच्यात पाणी जिरतं, बाहेर येतं, हवेत उडतं. घरातला माठ याच कारणाने पाणी गार करतो. झळाळी आणि पाणी, दोन्ही एका भांड्यात मला मिळत नाही, आणि मी झळाळीच्या बाजूने आहे.

आता हे एवढं शांतपणे लिहिलं, पण मला स्वतःला इथवर यायला बराच काळ लागला, कारण मी ज्या कामातून आले तिथे गळती म्हणजे पाप होतं. चौदा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आम्ही प्रेशर व्हेसलची, म्हणजे आतून दाब सोसणाऱ्या टाक्यांची, ड्रॉइंग काढायचो. रसायनांच्या, वाफेच्या, हवेच्या टाक्या. शेल म्हणजे टाकीचं अंग, डिश एंड म्हणजे टोकांची झाकणं, नोझल म्हणजे पाइप जोडायची तोंडं, मॅनहोल, सपोर्ट. ड्रॉइंगवर पहिला विचार आतल्या दाबाचा. आत किती दाब, किती तापमान, काय भरणार, त्यावरून पत्र्याची जाडी ठरते. नळकांड्याच्या भिंतीवर घेराच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो, म्हणून दाबाने नळकांडं फुटलंच तर ते लांबीला उभं फाटतं. गोलाचं तसं नाही, तो ताण सगळीकडे सारखा वाटून घेतो. गॅस साठवायच्या मोठ्या टाक्या चेंडूसारख्या असतात त्या म्हणूनच. मी काढलेली टाकी तयार झाली की हायड्रोटेस्ट व्हायची. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची आणि तिला आयुष्यभर जो दाब सोसायचाय त्याहून जास्त दाब द्यायचा. मग इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन एकेका वेल्डवरून डोळे फिरवत जायचा. एका टाकीला नोझलच्या गळ्याशी पाण्याचा एक थेंब दिसला होता, मोहरीएवढा. सगळं वेल्ड घासून काढून पुन्हा भरलं. तो थेंब मला अजून आठवतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की आकार आतून ठरतो हे मला मातीच्याही आधी लोखंडाने शिकवलं होतं. फक्त ते तेव्हा आकड्यांत होतं, हातात उतरलेलं नव्हतं.

नोकरी सोडल्यावर पहिली तीन वर्षं मी मग, वाडगी, ताटल्या केल्या, स्टोनवेअरच्या, व्यवस्थित ग्लेझ, म्हणजे काचेचा लेप, दिलेल्या. एका दिवाळीला एका कंपनीसाठी दोनशे मग केले. मग करणं हलकं काम आहे असं मी कधीही म्हणणार नाही. कानात दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, ओठाला कड टोचता कामा नये, भरल्यावर तोल जाता कामा नये, आणि दोनशेही मग एकमेकांचे भाऊ दिसले पाहिजेत. पण त्या दोनशेतल्या शंभराव्या-सव्वाशेव्या मगाशी माझ्या लक्षात आलं की मी आत बघतच नाहीये. आत म्हणजे तीनशे मिली, संपलं. पुन्हा भोसरीच.

त्याच हिवाळ्यात केशवनगरला एका काकांकडे मी मडकं थापायला शिकायला जात होते. वय सत्तरीच्या पुढचं, हात लाकडाच्या ओंडक्यासारखे. माठ अख्खा चाकावर होत नाही, हे कदाचित सगळ्यांना माहीत नसेल. चाकावर फक्त तोंड, गळा आणि जाड भिंतीचा खालचा भाग होतो. मग ते जरा सुकवून, मांडीवर घेऊन, आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने मारत मारत पोट फुगवायचं. जाड भिंत पातळ होत जाते, बुडाचं भोक मिटत जातं, आणि मुठीएवढ्या जाड मातीचा माठ होतो. थप थप थप, एका लयीत. मी मारायला लागले तर माझं मडकं एका बाजूला चेपलं.

काकांनी माझं थापटणं धरलं. "ताई, तुमी भायेरूनच लई मारताय. आतला हात कुठंय तुमचा?"

"आतच आहे की," मी म्हणाले.

"आत हाय, पन झोपलाय. भायेरून किती बी मारा, गोटा जितं धराल तितंच मडकं फुगनार."

मग त्यांनी माझा उजवा हात मांडीवर ठेवायला लावला आणि स्वतः बाहेरून थापटणं मारायला लागले. मला फक्त आत गोटा धरायचा होता. डोळ्यांनी काहीच दिसत नाही. अंधारात, ओल्या मातीला टेकलेला गोटा, आणि बाहेरून येणारा ठोका भिंतीतून थेट तळव्यात. गोटा बोटभर सरकवला की पोट बोटभर तिकडे सरकत होतं. अर्ध्या तासात ते मडकं गोल झालं आणि त्यातला बाहेरचा एकही ठोका माझा नव्हता. घरी माठ असेल तर त्याच्या आत हात घालून बघा. बाहेरून गुळगुळीत वाटणाऱ्या माठाच्या आत बहुतेक वेळा उथळ खळगे लागतात, एकाशेजारी एक. ते त्या गोट्याचे.

त्या दिवसानंतर मी मगांची कामं घेणं हळूहळू बंद केलं. उपयोग काढून टाकायचा म्हणून नव्हे. तीनशे मिलीचं, दोन बोटांच्या कानाचं, न गळण्याचं सगळं बाजूला ठेवल्यावर आत काय राहतं ते मला बघायचं होतं. तोंड बारीक होत गेलं. आधी मनगट जाईल एवढं, मग तीन बोटं, मग एक. हल्लीच्या काहींची तोंडं तर ज्वारीच्या दाण्याएवढी आहेत.

इथे लोक विचारतात, मग सरळ शिल्पच का करत नाही? पात्राचाच हट्ट का? हट्ट आहे, आणि तो मी सोडणार नाही. शिल्पाला आत असावंच लागतं असं नाही. दगडाच्या मूर्तीच्या आत दगडच असतो. पात्राला मात्र भिंतीच्या दोन बाजू असतात आणि न दिसणारी बाजू दिसणारीला घडवते. शिवाय आपली भाषाच बघा ना. पात्राचे भाग सांगताना आपण काय म्हणतो? तोंड, ओठ, गळा, खांदा, पोट, कान, बूड. कुणी ठरवून दिलेलं नाही, माळणीपासून इंजिनिअरपर्यंत सगळे हेच म्हणतात. गळा जरा लांबला की भांडं मान वर करून बघतंय असं वाटतं, खांदा पडला की थकलेलं दिसतं. वीस मिलीमीटरचा फरक असतो, पण अख्खा स्वभाव बदलतो. मॅग्डालीन ओडुंडो यांच्या पात्रांची छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हेच दिसलं. त्यांचा जन्म १९५० चा, नैरोबीचा, काम ब्रिटनमध्ये. त्याही हातानेच वळ्या चढवून भिंत उभी करतात, घोटतात, काचेचा लेप लावत नाहीत, आणि त्यांच्या पात्रांत कुणी पाणी भरत नाही. तरी ती पात्रंच आहेत. पोट श्वास घेतल्यासारखं भरलेलं असतं. आतून कुणीतरी ढकलल्याशिवाय तसा फुगार येत नाही.

तोंड मिटत आणण्याचे दोन दिवस सगळ्यात अवघड. तोपर्यंत एक हात आत असतो. प्रत्येक वळीबरोबर तोंड आवळतं आणि हाताला बाहेर यावं लागतं. आधी मनगट निघतं, मग तळवा, मग चार बोटं. शेवटी एकच बोट आत राहतं, आणि ते आतून भिंतीला टेकवून मी बाहेरून गळा आवळते. ते बोट काढलं की झालं. त्यानंतर आत काय आहे ते मलाही कधी दिसणार नाही. ते शेवटचं बोट काढायला मी नेहमी वेळ लावते.

कधी दिसणार नाही, असं मी धरून चालले होते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत ते दिसलं.

एका प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. त्यातलं सगळ्यात मोठं भांडं, साडेसात किलो मातीचं, पंचेचाळीस सेंटीमीटर उंच. पाऊस थांबायला तयार नव्हता, शेडचे पत्रे आतून घामेजलेले, आणि भांडं चार आठवडे होऊनही वाळेना. वाळलं की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे. भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे. त्या दिवशी ते बुडाशी गार लागलं. मी दुसऱ्या गालाला लावलं. गार. आणि तरीही मी ते भट्टीत ठेवलं, रात्रभर ऐंशी अंशांवर सुकवेन असं मनाशी म्हणत. रात्री वीज जाऊन आली, भट्टी पुन्हा सुरू करताना मी घाईत वेग जास्त लावला. दीड वाजता शेडमधून आवाज आला. मोठा नव्हता. उशी जमिनीवर आपटावी तसा.

लोक म्हणतात आत हवा कोंडली की भांडं फुटतं. तोंडाला दाण्याएवढं भोक असलं तरी हवा निघून जाते. हवा काही करत नाही, करतं ते पाणी. भिंतीच्या आत राहिलेलं पाणी शंभर अंशांना वाफ होतं आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते. तेवढी जागा मातीत नसते. चौदा वर्षं वाफेच्या टाक्या काढलेल्या बाईला हे सांगावं लागू नये. चूक पूर्ण माझी होती. गालाने सांगितलेलं मी ऐकलं नाही.

सकाळी भट्टी उघडली. बुडाच्या चिंध्या झाल्या होत्या, पण पोटाचे पाच-सहा मोठे तुकडे शाबूत होते. एक उचलला, उलटा केला, आणि तशीच खाली बसले. आतली बाजू. ओळीने माझ्या बोटांचे ठसे, वळी खालच्या वळीवर दाबून ओढल्याचे, तिरपे, एकाखाली एक, पावसाळी शेतातल्या सरींसारखे. अंगठ्याच्या रेषासुद्धा स्पष्ट. एका जागी ठसे जरा खोल होते. त्या दिवशी आईला दवाखान्यात नेलं होतं आणि मी रात्री उशिरा येऊन काम केलं होतं, हे मला ते बघताना आठवलं. बाहेरून घोटून मी सगळं पुसून टाकलं होतं. आत सगळं होतं. ते तुकडे मी दुसऱ्या दिवशी नीट सुकवून, सावकाश भाजून घेतले आणि क्रेटमध्ये ठेवून दिले. प्रदर्शनात ती जागा मोकळी राहिली.

त्यानंतर मी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मुद्दाम गेले. इनामगाव आपल्याच जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी वस्ती. तिथली, जोर्वे या नावाने ओळखली जाणारी भांडी तांबड्या अंगाची, काळ्या रेघांची, तोटी असलेली. चांगली भाजलेली असल्यामुळे वाजवली तर धातूसारखी खणखणतात असं पुरातत्त्वाची माणसं सांगतात. पण मला जास्त ओढ होती ती दुसऱ्या भांड्यांची. लहान मूल गेलं की ते दोन कुंभांत ठेवायचे, कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. आणि वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक घर सापडलं, त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण होता. त्यात एक माणूस मांडी घालून बसवलेला. शेजारी धान्याचं कोठार.

त्या रांजणाचं चित्र मी कितीदा पाहिलं असेल. फुगलेलं पोट, खाली आखूड चार पाय. पाणी, धान्य, कशासाठीच तो नव्हता. त्याला फक्त आत असायला हवं होतं, एका माणसाएवढं. तो घडवणाऱ्याने आतून हात फिरवताना काय मनात आणलं असेल, हे मी वळ्या चढवताना पुष्कळदा मनात आणते.

आमच्या सासूबाई साताऱ्याच्या. माझ्या या बारीक तोंडाच्या भांड्यांबद्दल त्यांनी पहिल्या वर्षी एकदाच विचारलं होतं, "यात ठेवायचं काय गं?" मी गप्प राहिले. त्यांनीच मग पुढे कधीतरी, नवरात्रात घट बसवताना, उत्तर दिलं. परडीत माती, धान्य आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. मी सहज म्हणाले, आई, तांब्याचा कलश आहे की घरात, तो का नाही घेत? तर म्हणाल्या, "तांब्या झिरपतो होय? घट झिरपला तरच धान उगवतं. न झिरपणारा घट काय कामाचा?" आणि संक्रांतीला सुगडं येतात, सुघट या शब्दावरून सुगड. हरभरा, बोरं, उसाचे करवे, गाजर, ओंबी भरून वाण दिलं की उरलेलं एखादं रिकामं सुगड आमच्याकडे फळीवर वर्षभर बसून असतं, हळदी-कुंकवाची बोटं पोटावर घेऊन. ते वापरायचं कुणाच्या मनातही येत नाही आणि फेकायचंही नाही.

तर त्या दुपारी मी सदाशिव पेठेत गेले. जुन्या वाड्याच्या जागी झालेली इमारत, दुसरा मजला. टेबल खरंच देखणं होतं आणि त्यावर बशीएवढा पांढरा डाग. आजींनी भांडं मोरीत उपडं घालून ठेवलं होतं. मी त्यांना माठाचं उदाहरण दिलं, भाजणीचं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "हे सगळं आधी कुठे लिहिलं होतं?" कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीवर फक्त 'हाताने घडवलेलं' एवढंच होतं, आणि ज्या दुकानातून त्यांच्या मुलीने ते घेतलं तिथे फ्लॉवरपॉट म्हणून सांगितलं होतं. मी पैसे परत केले, पॉलिशवाल्याचे पैसे द्यायची तयारी दाखवली. ते त्यांनी घेतले नाहीत. भांडं परत घेऊन आले. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीवर मी स्वच्छ लिहिते की यात पाणी घालू नये, घातलं तर झिरपेल.

ते भांडं शेडमध्ये वाळलं तेव्हा त्याच्या पोटावर एक पांढरी रेघ उमटली. त्यांच्याकडे बोअरिंगचं पाणी, त्यातले क्षार. पाणी जिथवर चढलं आणि उडून गेलं तिथे क्षार राहिले. ओल्या फडक्याने पुसलं की जातात, वाळलं की पुन्हा येतात, कारण ते वर चिकटलेले नाहीत, भिंतीत मुरलेत. काळ्या पोटावर ती रेघ एका बाजूला किंचित उतरती आहे. टेबल तेवढं कललेलं असणार.

ऑगस्टमध्ये आजींचा फोन आला, मुलगी धायरीकडे काही कामाने येणार आहे, मीही येते, तुझं ते काय चालतं बघते. अहोवरून एकदम अगंवर आल्या होत्या. आल्या, शेडमध्ये स्टुलावर बसल्या, आणि मी एक तोंड आवळत होते ते शेवटचं बोट निघेपर्यंत बघत राहिल्या. मधे एक शब्द बोलल्या नाहीत. मग उठून फिरताना त्यांना तो क्रेट दिसला.

त्यांनी पोटाचा एक तुकडा उचलला, ताम्हनाएवढा. उलटा केला. बराच वेळ बघितलं आणि मग स्वतःची चार बोटं त्या ठशांमध्ये ठेवली. त्यांची बोटं माझ्यापेक्षा बारीक आहेत, सांध्यांशी वळलेली. ठशांत सैल बसली. एक सर, दुसरी सर, अशी बोटं ओढत त्या तुकड्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि पुन्हा सुरुवातीला आल्या.

"हे तू केलंयस?"

"हो. फुटलं ते."

"ते दिसतंय मला. हे आत होतं?"

"हो."

"मग हे मला दे."

मी म्हणाले, आजी, हा तुकडा आहे, विकायचा नाहीये. त्या म्हणाल्या, विकत कोण मागतंय. मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

परवा फोन आला होता. पॉलिशवाल्याला अजून बोलावलेलं नाही. डागावर तुकडा बरोबर बसतो म्हणाल्या, आतली बाजू वर करून ठेवलाय. रात्री झोपताना त्यात चष्मा ठेवतात.